वही कोण तपासणार? ऑनलाइन बागकाम वर्ग निवडण्याचं एक प्रकरण

बाईंची परिस्थिती

या प्रकरणातल्या व्यक्तीनं आयुष्यभर शाळेत गणित शिकवलं. ओळखीपाळखीचे सगळे त्यांना बाईच म्हणतात, म्हणून इथेही त्या बाईच. निवृत्त झाल्यावर त्यांनी बाल्कनीत कुंड्या मांडायला सुरुवात केली. अनंत, जास्वंद, टोमॅटोची रोपं, पुदिना, शिवाय कुणीकुणी दिलेली शोभेची झाडं. वर्षभरात त्यातली निम्मी गेली. जी राहिली त्यांपैकी टोमॅटोला फुलं येत आणि गळून पडत. अनंताची पानं पिवळी पडत चालली होती. एका मोठ्या कुंडीतली जास्वंद तर माती ओली असूनही मान टाकून उभी होती.

बाई स्वस्थ बसणाऱ्यांतल्या नव्हेत. तोवर त्यांनी एक रेकॉर्ड केलेला कोर्स पूर्ण केला होता, दुसरा अर्ध्यावर सोडला होता, आणि मोबाइलवर येणारे छोटे व्हिडिओ किती पाहिले याची तर गणतीच नव्हती. पहिल्या कोर्सचं प्रमाणपत्र होतं. वही सुरेख होती: मथळे लाल शाईत, खतांची प्रमाणं तक्त्यात, आकृत्यांना नावं दिलेली. माझ्याकडे त्या एकच प्रश्न घेऊन आल्या. "ऑनलाइन बागकामाचा चांगला वर्ग कोणता, ते सांगा. एकच सांगा, मी तो नेटानं पुरा करते."

एखादं नाव सांगून मोकळं होता आलं असतं. पण ती वही आणि ती बाल्कनी यांच्यात जे अंतर होतं, ते आणखी एका कोर्सनं भरून निघालं नसतं. वहीत लिहिलेलं बहुतेक सगळं बरोबर होतं. "पाणी प्रमाणात द्यावे", "निचरा चांगला असावा", "भरपूर सूर्यप्रकाश हवा". यातलं एकही वाक्य चूक नाही, आणि एकाही वाक्यानं जास्वंद का कोमेजली ते कळत नाही. प्रमाणात म्हणजे किती, चांगला म्हणजे कसा ओळखायचा, भरपूर म्हणजे किती तास, हे विचारायला समोर कुणी नव्हतं.

आधी बाल्कनी, मग वर्ग

वर्ग शोधण्याआधी मी बाईंना एक काम दिलं. स्वच्छ उन्हाच्या एका दिवशी दर तासाला बाल्कनीत जायचं आणि कोणत्या कुंडीवर थेट ऊन पडलंय ते कागदावर नोंदवायचं. हे काम साधं वाटतं, पण नव्यानं बाग करणाऱ्यांपैकी फार थोडी माणसं ते करतात. आपले डोळे उजेडाशी इतके झटपट जुळवून घेतात की उजेड मोजायच्या बाबतीत त्यांच्यावर विसंबता येत नाही. भर दुपारच्या मोकळ्या उन्हात प्रकाश सुमारे एक लाख लक्स (उजेड मोजायचं एकक) असतो. चांगला दिवा असलेल्या कार्यालयात तो तीनशे ते पाचशे लक्स भरतो. डोळ्यांना दोन्हीकडे "छान उजेड" वाटतो. झाडाच्या दृष्टीनं त्यात दोनशे पटींहून जास्त फरक आहे.

बाईंचा कागद भरून आला तेव्हा टोमॅटोचं उत्तर त्यातच होतं. बाल्कनीच्या सर्वांत उजळ कोपऱ्यातही थेट ऊन तीन तासांच्या वर नव्हतं. टोमॅटो, मिरची, वांगी अशा फळ धरणाऱ्या झाडांना सहा ते आठ तास लागतात. पालेभाज्या आणि पुदिन्यासारखी झाडं तीन-चार तासांत निभावून नेतात. बाईंच्या रोपांची फुलं गळण्यात रात्रीच्या उकाड्याचाही हात असावा. रात्रीचं तापमान साधारण २१ ते २४ अंश सेल्सिअसच्या वर राहू लागलं की टोमॅटोचे परागकण नीट काम करत नाहीत आणि फूल देठापासून सुटतं. म्हणजे उन्हाची अडचण होती, उकाड्याची होती, आणि पहिल्या कोर्सनं सुचवलेलं जास्तीचं खत यातल्या एकीवरही लागू पडत नव्हतं.

मग मी त्यांना विचारलं, की आता नेमकं काय शिकायचंय? दोन दिवस विचार करून त्यांनी लिहून आणलं: "झाडाकडे बघून त्याला काय होतंय हे मला ओळखता आलं पाहिजे." माझ्या मते हे प्रकरण त्या वाक्यावर वळलं. बागेची आखणी, सेंद्रिय भाजीपाला, बोन्साय, घरातली शोभेची झाडं, वनस्पतिशास्त्राची मूलतत्त्वं, या सगळ्यांचे वर्ग असतात, आणि चांगलेही असतात. पण एका गरजेसाठी उत्तम असलेला वर्ग दुसऱ्या गरजेला अगदी निकामी ठरू शकतो. बाईंना निदान शिकायचं होतं. निदान शिकायचं तर कुणीतरी शिकणाऱ्याचं झाड बघावं लागतं.

समोर होते ते पर्याय

पहिला प्रकार बाईंना ठाऊक होताच: रेकॉर्ड केलेल्या व्हिडिओंचा संच, हवा तेव्हा पाहा, शेवटी प्रमाणपत्र घ्या. या प्रकाराला मी सरसकट नावं ठेवणार नाही. रोप एका कुंडीतून दुसरीत कसं हलवायचं, छाटणीची कात्री कुठे आणि कशी धरायची, अशा हातांच्या कामांसाठी पुन्हा पुन्हा थांबवून पाहता येणारा व्हिडिओ प्रत्यक्ष वर्गापेक्षाही सोयीचा पडतो. पण तो बोलतो आणि ऐकत नाही. शिवाय असे कोर्स पुरे होण्याचं प्रमाण फार कमी आहे. हार्वर्ड आणि एमआयटी यांनी २०१२ साली उभ्या केलेल्या एडएक्स या मंचावरच्या त्यांच्या कोर्सची आकडेवारी २०१९ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात आली. २०१७-१८ या वर्षात नाव नोंदवणाऱ्या सर्वांपैकी जेमतेम तीन टक्क्यांनी कोर्स पूर्ण केला होता. ते कोर्स बागकामाचे नव्हते, पण स्वतःच्या हिमतीवर, कुणी विचारणारं नसताना शिकणाऱ्याचं काय होतं ते त्यातून दिसतं. बाईंनी एक कोर्स पुरा केला ही त्यांच्या शिस्तीची कमाई होती.

दुसरा प्रकार संस्थांचा. ब्रिटनची रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटी १८०४ साली स्थापन झाली. तिच्या परीक्षांची तयारी घरबसल्या करता येते, पण प्रात्यक्षिकासाठी तिनं वेगळं प्रमाणपत्र ठेवलंय आणि ते हात मातीत घालूनच मिळवावं लागतं. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्याच्या विद्यापीठानं १९७२ च्या सुमारास मास्टर गार्डनर ही योजना सुरू केली आणि पुढे ती इतर राज्यांत पसरली. तिची कल्पना मला फार आवडते. विद्यापीठ हौशी बागकर्त्यांना प्रशिक्षण देतं आणि त्याच्या बदल्यात त्यांनी ठरावीक तास लोकांच्या बागेविषयीच्या प्रश्नांना उत्तरं द्यायची. दुसऱ्याच्या आजारी झाडाबद्दल उत्तर द्यायची वेळ आली की शिकलेलं पक्कं होतं. आता काही विद्यापीठं या प्रशिक्षणाचा पाठ्यभाग ऑनलाइनही देतात. अशा अभ्यासक्रमांचा पाया भक्कम असतो. मात्र त्यांची लांबी, इंग्रजी परिभाषा आणि त्या त्या प्रदेशाचं हवामान गृहीत धरून लिहिलेले धडे, हे तिन्ही सोसायची तयारी लागते.

तिसरा होता पर्माकल्चरच्या आखणीचा कोर्स. निसर्गाच्या चालीनं शेती-बागेची आखणी करण्याची ही विचारसरणी १९७० च्या दशकात ऑस्ट्रेलियात बिल मॉलिसन आणि डेव्हिड होमग्रेन यांनी मांडली आणि तिचा आखणीचा कोर्स जगभर ७२ तासांचा असतो. ज्याच्याकडे जमिनीचा तुकडा आहे, पाणी कुठून येतं आणि कुठे जातं याचा विचार करायचा आहे, त्याला तो पुढची अनेक वर्षं पुरेल. बाईंकडे बाल्कनी होती. बाईंनी स्वतःच तो बाजूला ठेवला.

चौथा प्रकार म्हणजे लहान गटाचे, ठरल्या वेळी भरणारे, समोरासमोर बोलणारे ऑनलाइन वर्ग. त्यांत फार चांगले आणि फार वाईट असे दोन्ही शेजारी शेजारी बसलेले असतात, आणि जाहिरातीवरून कोणता कसा ते कळत नाही. त्यामुळे आमचा बराचसा वेळ इथेच गेला.

एक प्रश्न, पाच ठिकाणी

बाईंनी पाच वर्ग निवडले आणि नाव नोंदवण्याआधी पाचही ठिकाणी एकच निरोप पाठवला: "माझ्या बाल्कनीत सकाळी तीन तास थेट ऊन येतं. टोमॅटोला फुलं येतात आणि गळतात. तुमच्या वर्गात मला याचं उत्तर मिळेल का?"

पहिल्या ठिकाणाहून नावनोंदणीचा दुवा आला, सोबत "आज शेवटचा दिवस" असा इशारा. दुसरीकडून खतांची यादी आली. तिसरीकडून "नक्की मिळेल, आमच्या हजारो विद्यार्थ्यांना फायदा झाला आहे" असं उत्तर आलं. चौथ्यानं काहीच कळवलं नाही. पाचव्या ठिकाणच्या शिक्षिकेनं उत्तरच दिलं नाही, उलट प्रश्न विचारले. फुलं गळण्याआधी देठ पिवळा पडतो का? रात्री किती उकडतं? कुंडीचा आकार केवढा? टोमॅटोची जात उंच वाढणारी की झुडपासारखी? आणि शेवटी एक वाक्य: तीन तासांच्या उन्हात टोमॅटोचा हट्ट सोडावा असं मला वाटतं, पण आधी तुमची उत्तरं येऊ द्या.

कुणाकडून शिकायचं हे ओळखायला मला यापेक्षा चांगली खूण माहीत नाही. झाडांच्या बाबतीत एकाच लक्षणाला पाच कारणं असतात. पानं पिवळी पडणं, मान टाकणं, कडा करपणं, यांतलं काहीही पाणी जास्त झाल्यानं होतं आणि कमी झाल्यानंही होतं. ज्याला हे माहीत आहे तो विचारल्याशिवाय सांगू शकत नाही. जो न विचारता सांगतो त्याला एकतर माहीत नाही, किंवा तुमच्या झाडात त्याला रस नाही. दोन्ही बाबतींत फी द्यायचं कारण उरत नाही.

खडे, स्पंज आणि एक जुना समज

पाचवी शिक्षिका आवडली, तरी बाईंनी लगेच नाव नोंदवलं नाही. वर्गाची एक तासिका विनामूल्य पाहता येत होती, ती त्यांनी पाहिली. तिच्यात काय तपासायचं हे आम्ही आधीच ठरवलं होतं. कुंडीच्या तळाशी खडे घालावेत की नाही, हा त्यातला पहिला प्रश्न.

निचऱ्यासाठी कुंडीच्या तळाशी खडे किंवा खापऱ्यांचे तुकडे घालायचे, हे जवळजवळ प्रत्येकानं ऐकलेलं आहे आणि बाईंच्या वहीतही ते होतं. प्रत्यक्षात त्यानं निचरा सुधारत नाही. बारीक कणांच्या मातीत पाणी केशाकर्षणानं, म्हणजे कणांमधल्या बारीक फटींच्या ओढीनं, धरून ठेवलं जातं. खाली मोठ्या फटी असलेला थर आला की वरची माती जवळपास पूर्ण भिजल्याशिवाय पाणी त्या थरात उतरतच नाही. म्हणजे ओलीचिंब राहणारी पट्टी कुंडीच्या तळाशी असायची ती खड्यांच्या वर सरकते, मुळांच्या आणखी जवळ. घरी पाहायचं तर आयताकृती स्पंज पाण्यात बुडवून आडवा धरावा. ठिबकणं थांबलं की तोच स्पंज उभा करावा, आणखी पाणी गळतं. ओल्या थराची उंची वाढली की गुरुत्वाकर्षणानं त्यातलं जास्त पाणी खाली ओढलं जातं, आणि कुंडीत खडे भरणं म्हणजे मातीची ही उंची आपल्या हातानं कमी करणं. उथळ कुंडीत मुळं का कुजतात, तेही याच प्रयोगानं समजतं. निचरा हवा तर मातीच्या मिश्रणातच जाडसर कण मिसळावे लागतात, परलाईट (फुगवलेल्या खनिजाचे हलके पांढरे दाणे), भाताचं तूस किंवा जाड वाळू, आणि कुंडीला भोक असावं लागतं. भोकातून माती वाहू नये म्हणून जाळीचा तुकडा पुरतो.

अर्थात खडे घालायला सांगणारा प्रत्येक शिक्षक वाईट, असं मी म्हणणार नाही. कित्येकांनी तसं करून वर्षानुवर्षं उत्तम झाडं वाढवलीत. कारण ते पाणी जपून घालतात आणि त्यांच्या बागेत खड्यांचा दोष झाकला जातो. बघायचं असतं ते दुसरंच. कुणी शंका काढली तर शिक्षक काय करतो? त्या तासिकेत कुणीतरी खड्यांबद्दल विचारलं. शिक्षिकेनं स्पंज आणलेला नव्हता, पण दोन सारख्या कुंड्या घेऊन, एकीत खडे भरून, दोन्हींत मोजून पाणी ओतायचं आणि दुसऱ्या दिवशी माती उपसून ओल पाहायची, असं तिनं सांगितलं. "माझ्यावर विश्वास ठेवू नका, करून बघा," हे तिचे शब्द बाईंनी वहीत उतरवून घेतले. गणित शिकवणाऱ्या माणसाला हे पटणारच.

दुसरा कसोटीचा प्रश्न हवा शुद्ध करणाऱ्या झाडांचा होता. १९८९ साली नासाच्या एका अभ्यासात बंद, लहान पेटीत ठेवलेल्या झाडांनी हवेतले काही बाष्पशील घटक कमी केल्याचं दिसलं. पेटीतला तो निष्कर्ष घरालाही लागू करून आजही झाडं विकली जातात. २०१९ मध्ये अशा सगळ्या प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला गेला. इमारतीत हवा खेळती राहून जेवढी साफ होते तेवढं काम झाडांकडून करवून घ्यायचं तर दर चौरस मीटरला १० ते १००० झाडं लागतील, असा त्या आढाव्यातून हिशेब निघाला. बाईंनी बाजूला टाकलेल्या चारांपैकी एका वर्गाच्या माहितीपत्रकात "घरातली हवा शुद्ध करणारी दहा झाडं" हा पहिलाच धडा होता. घरात झाड ठेवायला सुंदर दिसणं हे कारण पुरेसं आहे. शिकवणाऱ्यानं त्याला खोटा आधार देऊ नये, इतकी अपेक्षा मला रास्त वाटते.

कुणाच्या हवामानाचा वर्ग?

याकडे सगळ्यात कमी लक्ष जातं, आणि नुकसान सगळ्यात जास्त इथेच होतं. परदेशातल्या बागकाम वर्गांत "झोन" हा शब्द सतत येतो. तो अमेरिकेच्या कृषी खात्याच्या नकाशातून आलाय, आणि हा नकाशा तेरा पट्ट्यांचा, म्हणजे झोनचा, आहे. त्याची ताजी आवृत्ती २०२३ ची असून ती वर्षातल्या सर्वांत थंड रात्रीच्या तापमानाच्या तीस वर्षांच्या सरासरीवर बेतली आहे. झाड हिवाळ्यात गोठून मरेल की नाही, एवढंच तो सांगतो. उष्णता, दमटपणा, पाऊस, मातीचा पोत यांबद्दल त्यात एक अक्षर नाही. उष्णतेसाठी अमेरिकन हॉर्टिकल्चरल सोसायटीनं १९९७ साली वेगळा नकाशा काढला. तो वर्षात किती दिवस पारा ३० अंशांच्या वर जातो ते मोजतो. पण तो क्वचितच कुणी शिकवतं.

बाईंकडे दंव पडत नाही. त्यांच्या अर्ध्यावर सोडलेल्या कोर्समधलं पेरणीचं सगळं वेळापत्रक "शेवटच्या दंवानंतर इतके आठवडे" अशा भाषेत होतं. बाईंनी ते आपल्या दिनदर्शिकेवर बसवायचा प्रयत्न केला आणि ऐन उकाड्यात बी पेरलं. कोर्स वाईट नव्हता, तो दुसऱ्या कुणासाठी होता. म्हणून कोणत्याही वर्गाला विचारावं, की तुमची स्वतःची बाग कुठे आहे, तिथे सर्वांत कठीण महिना कोणता, आणि माझ्या हवामानात बाग केलेलं कुणी तुमच्या वर्गात आहे का? प्रकाशसंश्लेषण, मुळांना लागणारी हवा, अन्नद्रव्यांचं काम हे ज्ञान कुठूनही शिकावं, ते सगळीकडे सारखंच. पेरणीच्या तारखा, पाण्याच्या पाळ्या, कोणती कीड कधी येणार, हे आपल्यासारख्या हवेत राहणाऱ्याकडूनच घ्यावं.

निवडलेल्या शिक्षिकेचं हवामान बाईंच्या हवामानाशी पुष्कळसं जुळत होतं. पुरतं नाही, तिची हवा अधिक कोरडी होती. पण पहिल्याच तासाला तिनं गटातल्या प्रत्येकाकडून हवेची माहिती लिहून घेतली आणि दमट हवेत राहणाऱ्यांसाठी भुरी आणि करपा या रोगांचा भाग वेगळा घेतला.

वर्गात काय झालं

गट लहान होता. दर आठवड्याला एक तासिका आणि दोन तासिकांच्या मध्ये घरी एक काम. कामाचे फोटो गुरुवारपर्यंत पाठवायचे, पुढच्या तासिकेचा पहिला अर्धा भाग त्या फोटोंवरच. फोटो कसा काढायचा हेही शिकवलं: पूर्ण झाड, मग आजारी भाग, मग पानाची मागची बाजू, मग बुंधा आणि माती, आणि आकार कळावा म्हणून शेजारी पेन किंवा नाणं. दिव्याच्या पिवळ्या उजेडात काढलेला फोटो परत यायचा, कारण त्यात निरोगी पानही पिवळंच दिसतं.

बाई दुसऱ्याच आठवड्यात मला म्हणाल्या, "अहो, ही तर वही तपासते!" त्यांच्या लेखी शिकवण्याची याहून मोठी पावती नाही. फळ्यावर कितीही सुंदर शिकवलं तरी मुलाची वही उघडून त्याची पायरी कुठे चुकली ते बघितलं नाही, तर शिकवणं अर्धंच राहतं, हे त्या आयुष्यभर सांगत आल्यात. इथे त्यांची बाल्कनी हीच वही होती.

अनंताचं प्रकरण तिसऱ्या आठवड्यात सुटलं. त्याची पानं पिवळी पडताहेत म्हणून एका व्हिडिओवरून बाई त्याला एप्सम मीठ, म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट, घालत होत्या. शिक्षिकेनं एवढंच विचारलं: जुनी पानं पिवळी पडतात की नवी? नवी. शिरा कशा आहेत? हिरव्या. इतक्यात उत्तर आलं. नायट्रोजन आणि मॅग्नेशियम झाडाच्या आत हलू शकतात. ते कमी पडले की झाड जुन्या पानांतून काढून नव्यांना देतं, म्हणून आधी जुनी पानं पिवळी होतात. लोह तसं हलत नाही. ते कमी पडलं की नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असं चित्र दिसतं. अनंताला आम्लधर्मी माती लागते आणि बाईंच्या नळाचं पाणी जड, विम्लधर्मी होतं. मातीचा सामू (आम्ल-विम्लपणा मोजणारा आकडा, पीएच) सातच्या वर गेला की तिच्यात लोह असूनही मुळांना ते घेता येत नाही. मॅग्नेशियम कितीही घातलं तरी उपयोग नव्हता. आधी पाण्याचा आणि मातीचा सामू मोजून घ्यायचा, मग चिलेटेड लोह, म्हणजे मुळांना घेता येईल अशा रूपातलं लोह, आणि आम्लधर्मी खत, असा क्रम ठरला. आधीची पिवळी पानं पूर्ण हिरवी झाली नाहीत, पण नंतर फुटलेली पानं गडद हिरवी आली.

जास्वंदीचं उत्तर कुंडीतून बाहेर निघालं, अगदी शब्दशः. शिक्षिकेनं झाड मुळांच्या गड्ड्यासकट उपसून फोटो पाठवायला सांगितलं. तसं करायला बाईंचा हात धजेना, झाड मरेल असं वाटलं. उपसल्यावर खालची मुळं तपकिरी, लिबलिबीत आणि कुबट वासाची निघाली, वरची थोडी पांढरी आणि टणक होती. तळाशी अर्थातच खडे. मुळांना हवा मिळत नसली की ती पाणीही शोषू शकत नाहीत, म्हणून ओल्या मातीत उभं असलेलं झाड तहानेलं दिसतं, आणि माणूस कळवळून आणखी पाणी घालतो. कुजलेली मुळं कापून, जाडसर मिश्रण भरून ती जास्वंद लहान कुंडीत लावली. तिथून पुढे कुंडी उचलून वजनावरून पाणी ठरवायचं, बोट खुपसून नव्हे, कारण बोट वरच्या थरापुरतंच सांगतं. जास्वंद जगली. दुसरं एक झाड, ज्याच्यावर हाच उपाय केला, ते वाचलं नाही.

लाल कोळीही याच वर्गात भेटला. पानांवर बारीक फिके ठिपके दिसले तर पानाखाली पांढरा कागद धरून फांदी झटकायची आणि कागदावर हलणारे ठिपके भिंगातून पाहायचे. कोळी कीटकांत मोडत नाहीत, त्यामुळे बरीचशी कीटकनाशकं त्यांच्यावर चालत नाहीत, आणि त्यांना खाणारे मित्रकीटक मात्र मरतात. बाईंच्या जुन्या वहीत "कीड दिसताच फवारणी करावी" असं होतं. त्यांनी ती ओळ खोडली आणि समासात "कोणती कीड?" असं लिहिलं.

टोमॅटोची रोपं त्यांनी उन्हाचं घर असलेल्या एका ओळखीच्या मुलीला दिली आणि त्या जागी पालक आणि पुदिना लावला.

जे कमी पडलं

कंपोस्टचा भाग घाईत उरकला गेला. कर्ब (कार्बन) आणि नत्र (नायट्रोजन) यांचं साधारण ३० ला १ हे गुणोत्तर सांगितलं, पण सुकी पानं आणि ओला कचरा घरी कसा मोजायचा ते राहिलं. बाईंचं पहिलं खत आंबूस वासाचं झालं. रेकॉर्डिंग वर्ग संपल्यावर काही काळच पाहता येणार होतं. ही अट आधी वाचलेली असल्यामुळे बाईंनी नोंदी वेळेत उतरवल्या, पण गटातल्या काहींना ती उशिरा कळली. नाव नोंदवण्याआधी पाहायच्या गोष्टींत हेही धरावं: रेकॉर्डिंग कधीपर्यंत, तासिका बुडाली तर काय, पैसे परत मिळण्याची मुदत किती, आणि गटात जास्तीत जास्त किती जण. शेवटचा आकडा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. शंभर जणांच्या गटात कितीही चांगल्या मनाचा शिक्षक प्रत्येकाचं झाड पाहू शकत नाही.

प्रमाणपत्र या वर्गानं दिलंच नाही. नोकरी किंवा व्यवसायासाठी शिकणाऱ्याला ते लागेल. त्यानं परीक्षा आणि प्रात्यक्षिक घेणाऱ्या संस्थांकडे जावं, आणि बाईंचा हा मार्ग जसाच्या तसा उचलू नये.

वर्ग संपताना बाईंनी कलमं शिकवायची विनंती केली. शिक्षिकेनं नकार दिला आणि मला तो नकार योग्य वाटतो. गुटी कलम फोटो पाहून जमेल, असं ती म्हणाली: साल काढायची, ओलं शेवाळ बांधायचं, मुळं दिसेपर्यंत वाट पाहायची. डोळा भरणं, म्हणजे एका झाडाचा अंकुर दुसऱ्यावर बसवणं, आणि खुंटावर कलम बांधणं मात्र वेगळं. तिथे दोन्ही तुकड्यांच्या सालीखालचा वाढीचा पातळ थर एकमेकांना भिडावा लागतो, काप सपाट आणि एका झटक्यात घ्यावा लागतो, आणि सुरी किती तिरपी हवी हे शेजारी उभ्या असलेल्या माणसानं मनगट धरून दाखवावं लागतं. त्यासाठी तिनं बाईंना एखाद्या रोपवाटिकेत कलमांच्या हंगामात जाऊन काम करणाऱ्यांच्या बाजूला बसायला सांगितलं. बाईंनी तशी एक रोपवाटिका शोधली आहे, हंगाम कधी सुरू होतो ते विचारून ठेवलं आहे, आणि सध्या छाटलेल्या फांद्यांवर सपाट काप घेण्याचा सराव चालू आहे.